धर्माबाहेर दिली, जातीबाहेर नाही

मी उपदेशी महानुभाव आहे, म्हणजे गुरूंकडून पंथाचा उपदेश घेऊन संसारात राहणारा. आमच्या घरात उपदेश घेणारी ही चौथी पिढी. परमेश्वराखेरीज कुणापुढे मस्तक टेकायचं नाही, देवतेचा नैवेद्य खायचा नाही, मद्य-मांस शिवायचं नाही आणि जीवहिंसा करायची नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. पहिले तीन नेम मी कसोशीनं पाळले. चौथाही पाळला असं लोक म्हणतात, कारण वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर मी थांबतो. पण घरच्या माणसांच्या बाबतीत तो मी पाळलेला नाही. माझ्या हातून जे झालं ते पंथावर मनापासून प्रेम करताना झालं, म्हणून ते लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. अशी चूक करणारा मी एकटा नाही.

अंजनगाव सुर्जी हे महानुभावांचं गाव म्हणून कुणी ओळखत नाही. इतिहासाच्या पुस्तकात ते दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहासाठी येतं. भाविक इथं देवनाथ मठासाठी येतात. तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. शेतकरी गावाला ओळखतो तो पानमळ्यांसाठी आणि पिंपळीसाठी. आमचाही पानमळा आहे. आमच्या मळ्यातली कोवळी पानं विडा अवसरासाठी, म्हणजे परमेश्वराला विडा अर्पण करण्याच्या विधीसाठी, आश्रमात जायची आणि ती खुडून नेण्याचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

गावात आम्ही थोडे. थोडे असलेल्या माणसांना स्वतःला जपण्याची सवय लागते. शाळेत पोरं ‘मानभाव’ म्हणून चिडवायची. काळी वस्त्रं नेसलेले भिक्षुक रस्त्यानं गेले की काही घरांतल्या बाया मुलांना आत ओढायच्या. आजोबा सांगायचे, आपल्याला सातशे वर्षं असंच वागवलं गेलं. त्यामुळे आपण कोण आहोत यापेक्षा आपण काय करत नाही, हेच माझ्या मनात आधी पक्कं झालं. महालक्ष्म्यांना जेवत नाही, गणपतीपुढे हात जोडत नाही, जत्रेतला प्रसाद घेत नाही. माझा धर्म म्हणजे ही यादी होती.

पंथाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गुजरातेतून वऱ्हाडात आले. रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांहून वेगळे आहेत. देवता फार तर मर्यादित फळ देतात, मोक्ष परमेश्वरच देतो, अशी त्यांची शिकवण. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि स्वतः चक्रधर हे आमचे पंचकृष्ण. स्वामी लोकांशी मराठीत बोलले, त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनीही मराठीचाच आग्रह धरला. स्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरीत, १२७८ च्या सुमारास, त्यांतून लीळाचरित्र उभं राहिलं. मराठी गद्याचा इतिहास तिथून सुरू होतो. महदाइसेचे धवळेही रिद्धपूरचेच. वऱ्हाडातल्या एका खेड्यानं मराठीला पहिला गद्यग्रंथ आणि पहिली कवयित्री दिली, हे मी वर्गात मुलांना सांगायचो तेव्हा माझा आवाज चढायचा. मी शिक्षक होतो. लीळाचरित्र मी मात्र तोवर वाचलेलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण अकोटला दिली. सासर पंथाबाहेरचं, पण माणसं सरळ. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात त्यांनी मला महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं. वऱ्हाडात हे जेवण म्हणजे घराच्या इभ्रतीची गोष्ट. मी गेलो. पंगत बसली. केळीच्या पानावर पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्यांची मिसळ. बहिणीच्या सासूबाई स्वतः वाढत होत्या, घामानं कुंकू पसरलेलं, पदर खोचलेला. माझ्या पानात त्यांनी पुरणपोळी ठेवली आणि वर तुपाची धार धरली. मी पान पुढे सारलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, “आमी देवतेचं उष्टं खात नाही.” आणि उठलो.

पंगतीत कुणी काही बोललं नाही. बहीण माझ्यामागे ओसरीवर आली. ती रडत नव्हती, रागावली होती.

“दादा, तुह्या पानातलं सारं नैवेद्याच्या आंधी काढून ठेवलं होतं. वायल्या गंजात. माह्या सासूनं सकाऊन चारले उठून तुह्यासाठी वायलं केलं. तू इचारलं का?”

मी विचारलं नव्हतं. आमच्या घरची रीत त्या बाईनं सुनेकडून समजून घेतली होती, न सांगता पाळली होती, आणि देवीच्या आधी एका परक्या पंथाच्या पाहुण्याचं जेवण बाजूला काढलं होतं. माझे वडील असते तर त्यांनी आधीच नम्रपणे सांगून ठेवलं असतं, “आमचं वेगळं ठेवा, नाही जमलं तर भाकर-चटणी चालेल.” ते कुणाकडेही जेवायला जाताना तसंच सांगायचे. मी तर भर पंगतीत अपमान केला आणि घरी येऊन आश्रमात हे सांगितलं तेव्हा काहींनी माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. ते कौतुक मला गोड वाटलं. सासूबाई पुढं कित्येक वर्षं होत्या. माझ्या भाच्याकडून कळायचं की दर भाद्रपदात त्या माझ्या नावानं वेगळं काढून ठेवत. मी पुन्हा त्या पंगतीला गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला मी नेमाचं नाव दिलं.

दुसरी गोष्ट एका सहीची. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. पंथातल्या अनेकांनी त्यातल्या काही मजकुरावर तीव्र आक्षेप घेतला. आमच्या भागातही निवेदन फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी शाळेतून घरी पोचलो होतो, सायकल भिंतीला लावलेली, आणि मी सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. वर शिक्षकाचा हुद्दा लिहिला, वजन यावं म्हणून. पुस्तक पाहिलं नव्हतं. आक्षेप कोणत्या लीळेवर आहे, एवढंही मला नीट ठाऊक नव्हतं. आपल्या स्वामींबद्दल काही वेडंवाकडं छापलं आहे, एवढं ऐकलं होतं आणि ते मला पुरलं.

आक्षेप घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्या पंथाला शतकानुशतकं बदनामी सोसावी लागली त्याला छापील शब्दाची धास्ती वाटणारच. आपल्या पोथ्या आपण उगाच सांकेतिक लिपीत लिहिल्या नाहीत. सकळ लिपी, सुंदरी लिपी आणि अशा कितीतरी. बाहेरच्या माणसाच्या हाती शास्त्र पडून त्याची विटंबना होऊ नये, हा त्यामागचा हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे आणि राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे त्या लिपींचा उलगडा बाहेर आला. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि कोलते यांनी आयुष्यं घालून हे वाङ्मय छापलं. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी मराठी शिकून गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं. पोथ्या बासनात राहिल्या असत्या तर आज मराठीच्या प्रत्येक इतिहासाचं पहिलं प्रकरण आपल्यापासून सुरू झालं नसतं. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं नसतं. ज्या उघडेपणाचं फळ मी अभिमानानं मिरवत होतो, त्याच्याच विरोधात मी न वाचता सही केली होती. एखाद्या पाठावर विद्वानांचा आणि महंतांचा मतभेद असू शकतो, तो पोथ्या समोर ठेवून बोलण्याचा विषय आहे. माझी सही त्या बोलण्यात भर घालत नव्हती, ते थांबवत होती.

निवृत्तीनंतर मी ते पुस्तक मिळवलं. जुनी मराठी, रोज थोडं थोडं वाचायचो, अडलं की शब्दकोश. पहिलं काय जाणवलं तर स्वामी किती देवळांत उतरतात! गावागावाच्या देवतांच्या देवळांत, मढांत त्यांचा मुक्काम असतो. पैठणला ते भोगनारायणाच्या देवळात राहतात. देवता आणि परमेश्वर यांतला फरक ज्यांनी आम्हाला शिकवला ते स्वतः देवतांच्या छपराखाली निजले, आणि तिथं येणाऱ्या माणसांना त्यांनी तोडलं नाही. मला अकोटची ओसरी आठवली. त्या दिवशी मी पुढे वाचू शकलो नाही.

मग विटाळाची लीळा आली. बाईच्या मासिक धर्माबद्दल स्वामी जे सांगतात त्याचा आशय असा की शरीराच्या द्वारांतून जसं बाकीचं बाहेर पडतं तसंच हेही एक आहे, त्यात वेगळा विटाळ नाही. सातशे वर्षांपूर्वी, मराठीत, वऱ्हाड-गोदातीराच्या बायांसमोर हे बोललं गेलं. आणि माझ्या घरात? माझी बायको त्या दिवसांत मागच्या पडवीत बसायची. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पानमळ्यात तर तिला पाऊल टाकू द्यायचं नाही, वेल सुकतात, ही आमच्याकडची पिढीजात समजूत. मळ्यात चपला काढून जायचं, तिथं पावित्र्य राखायचं, हे मला पटायचं आणि त्या पावित्र्यात तिला जागा नाही हेही पटायचं. माझ्या आईनं हे पाळलं, बायकोनं पाळलं. मुलगी मोठी झाली तेव्हा तिलाही त्या पडवीत बसवलं. दहावीची परीक्षा होती. ती गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास करत होती आणि मी आतल्या खोलीत स्मरणाला बसलो होतो.

ती लीळा मी बायकोला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “हे तुमाले आता सापडलं? आश्रमातल्या बाईनं मले लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. मी तुमाले म्हटलंही होतं. तुमी म्हनले, शास्त्र बायांनी सांगू नये.” मला हे आठवत नाही. तिला तारखेसकट आठवतं. महदाइसेचा पंथ आमचा. आजही भिक्षुकांमध्ये तपस्विनींची संख्या मोठी आहे, पहाटेची झाडलोट, पोथीवाचन, पाहुण्यांचं जेवणखाण त्या पाहतात आणि महंतीच्या गाद्यांवर बहुतेक पुरुष बसतात. या गोष्टीवर आमच्या संमेलनांत मी एकही ठराव पाहिला नाही, आणि मांडायला हवा होता तो मीही मांडला नाही.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. एका विधानसभा निवडणुकीच्या आधी मी एका उमेदवाराला आमच्या कार्यक्रमात आणलं, हार घातला आणि माईकवरून समाज कुणाच्या पाठीशी आहे ते जाहीर केलं. मला तसं जाहीर करायचा अधिकार कुणी दिला नव्हता. बदल्यात सभामंडप मिळाला, वर त्या माणसाच्या नावाची पाटी. आश्रमात एक वृद्ध तपस्विनी होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्या मंडपाखाली कधीच बसल्या नाहीत, शेजारच्या कडुनिंबाखाली बसायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “स्वामींनी भिक्षुकाले झाडाखाली ऱ्हायाले सांगितलं, बाबू. झाड कोनाच्या नावाचं नसते.” रस्ते, धर्मशाळा, तीर्थस्थानांची दुरुस्ती यांसाठी सरकारकडे मागणं गैर नाही. रिद्धपूरचं विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मी दोन्ही वेळा वाजेश्वरीत जाऊन तिथल्या पवित्र ओट्यापुढे दंडवत घातला. पण मतांची मोजदाद करून मागणं आणि भाषेचा हक्क म्हणून मागणं यांत फरक आहे, आणि मी पहिला मार्ग धरला होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

मुलगी अमरावतीला शिकायला होती. तिथं तिची एका मुलाशी ओळख झाली. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, निर्व्यसनी. आणि उपदेशी. नित्यविधी करणारा, आईवडिलांसह दर वर्षी रिद्धपूर-माहूरला जाणारा. मुलीनं मला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या बापाला याहून जास्त काय हवं असणार, असा तिचा भाव होता. पंथाच्या घरात जन्मली, पंथाच्या घरात जाणार. मी पहिला प्रश्न विचारला तो जातीचा. तो आमच्या जातीचा नव्हता. ज्यांच्या वस्त्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवल्या त्यांच्यातला होता.

मी नाही म्हणालो. पण जातीमुळे नाही म्हणतो असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, त्यांच्या घरी उपदेशाची एकच पिढी झाली आहे, संस्कार मुरायला वेळ लागतो. मी म्हणालो, गुरूंना विचारायला हवं, आणि विचारलं नाही. मी म्हणालो, तुझ्या आईला झेपणार नाही. आईला विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, भावकी आपल्याला वाळीत टाकेल, तुझ्या धाकट्या भावाचं लग्न अडेल. हे शेवटचं तेवढं खरं होतं. बाकी सगळं मी रचलं होतं आणि रचता रचता माझाच त्यावर विश्वास बसला.

ती भांडली नाही. तिला माझ्याशी भांडता येत नव्हतं, तसं मीच तिला वाढवलं होतं. वर्षभरात मी तिचं लग्न आमच्या जातीतल्या एका चांगल्या घरी लावून दिलं. चांगलं म्हणजे खरोखर चांगलं, जावई प्रेमळ आहे. पण ते घर पंथाचं नाही. घरात देवघर मोठं, उपासतापास, कुळधर्म, कुळाचार. थोरल्या सुनेनं नैवेद्य करायचा, आरती करायची आणि पहिला घास प्रसादाचा घ्यायचा. ती थोरली सून आहे.

ती माहेरी आली की मी विचारायचो, स्मरण होतं का? ती म्हणायची, पहाटे सगळे उठायच्या आत न्हाणीघरात करते. एकदा मी म्हणालो, नैवेद्याचं तेवढं टाळत जा. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, तुमी मले धर्माबाहेर दिलं. जातीबाहेर नाही दिलं. आता मी काय टाळू?”

आईनं तिला गप्प केलं नाही. मीही काही बोललो नाही. ज्या नैवेद्यासाठी मी अकोटच्या पंगतीतून उठलो होतो, तो माझ्याच निर्णयानं माझी मुलगी रोज खात होती. तिथं माझ्या निष्ठेला काही खुपलं नव्हतं. नेम आणि जात समोरासमोर आले तेव्हा मी जात निवडली, आणि निवडताना एक क्षणही अडखळलो नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

गोविंदप्रभूंच्या चरित्रात ते रिद्धपुरात मातंगांच्या घरांतून हिंडतात, तसेच ब्राह्मणांच्या घरांत शिरतात, आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी विटाळाची तक्रार करतात. लहानपणापासून ही लीळा मी निरूपणात ऐकत आलो. ऐकताना मी नेहमी गोविंदप्रभूंच्या बाजूला उभा असायचो. माझी जागा तक्रार करणाऱ्यांत होती. आमच्यात भिक्षुक जात विचारत नाहीत, एका पंगतीत जेवतात, हे खरं आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण उपदेशी गृहस्थाच्या घरी सोयरीक निघाली की आम्ही गावातल्या इतर कुणाहून वेगळे वागत नाही. अनुसरण, म्हणजे संन्यास, घेतलं की जात सुटते, संसार मांडला की राहते, असा सोयीचा करार आम्ही आपसात केला आहे. स्वामींनी तो केलेला नाही.

मी रचलेल्या कारणांकडे मला नीट पाहता आलं ते एका दूरच्या गोष्टीमुळे. त्याच अकोटच्या बहिणीचा मुलगा आता अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असतो. त्या राज्यात मॉर्मन पंथाचे लोक पुष्कळ. भाचा सांगतो, मामा, तुमच्यासारखीच माणसं आहेत, दारू-सिगारेट तर नाहीच, चहा-कॉफीसुद्धा घेत नाहीत. त्यांचा जोसेफ स्मिथ, त्याचा १८३० सालचा नवा ग्रंथ, १८४४ मध्ये जमावानं तुरुंगात त्याची केलेली हत्या, मग ब्रिगहॅम यंग यांच्यामागे अनेकांनी केलेलं स्थलांतर आणि १८४७ मध्ये त्या ओसाड खोऱ्यात वसवलेलं गाव, हे सगळं ऐकताना मला आपल्या पंजाबपर्यंत गेलेल्या महानुभावांची आठवण झाली, ज्यांनी तिकडे जय कृष्णी म्हणवून घेतलं आणि मराठी पोथ्या जपल्या. पण भाच्यानं सांगितलेली एक गोष्ट मला जास्त लागली. त्या पंथात कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. सव्वाशे वर्षं नव्हता. त्याची धार्मिक कारणं सांगितली जायची, वंशाच्या शापाची, जन्माआधीच्या कर्तृत्वाची. बंदी उठली जून १९७८ मध्ये, कोलत्यांचं लीळाचरित्र निघालं त्याच वर्षी. ती जुनी कारणं मात्र पंथानं लेखी नाकारायला २०१३ साल उजाडलं. म्हणजे नियम गेल्यावरही त्यासाठी रचलेली कारणं पस्तीस वर्षं माणसांच्या मनात फिरत राहिली. भाचा ज्या सहकाऱ्याकडून हे शिकला तो आजही पंथात आहे, रविवार चुकवत नाही, आणि हे सगळं पाहुण्याला मोकळेपणानं सांगतो. आपल्या पंथावर प्रेम असलेला माणूस असं बोलू शकतो, हे मला उशिरा दिसलं. मी रचलेली कारणं मी मुलीसमोर मागे घेतली. एकेक करून, नाव घेऊन. ती म्हणाली, “मले माहीत होतं, बाबा.”

त्या मुलाच्या वडिलांना मी रिद्धपूरच्या राजमठात भेटलो. ते दर्शनाला आले होते. मी त्यांना दंडवत केला, आणि माझ्या नकाराचं खरं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आम्ही तेव्हाच समजलो होतो, म्हणून पुन्हा निरोप पाठवला नाही. मग ते ओट्याकडे वळले. त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि तशी अपेक्षा करण्याचा मला हक्क नव्हता.

मी पंथ सोडलेला नाही. सोडावासा कधी वाटला नाही. अजूनही देवतेचा नैवेद्य खात नाही, पण जेवायला जाण्याआधी सांगून ठेवतो, आणि ज्या घरात वेगळं काढून ठेवलं असेल तिथं वाढणाऱ्या हाताला आधी नमस्कार करतो. पडवीतलं बसणं सुनेच्या वेळी बंद झालं. पानमळा आता धाकटा मुलगा पाहतो, सून कधीही आत जाते, वेल जसे होते तसे आहेत.

माझ्या उपदेशी बंधू-भगिनींना एक विनंती आहे. आपल्याकडे मुलामुलींचे बायोडाटे आश्रमांतून, संमेलनांतून फिरतात. त्यांत नाव, शिक्षण, उंची यांच्याखाली जात आणि पोटजात असे दोन रकाने असतात. मी माझ्या मुलीचा बायोडाटा स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि ते दोन्ही रकाने मोठ्या अक्षरांत भरले होते. उपदेश कुणाकडून घेतला, हे मी त्यात लिहिलंच नव्हतं. तुम्ही ते दोन रकाने खोडा आणि त्या जागी एवढंच लिहा: उपदेशी, अमुक गुरूंकडून. तुमच्या घरी लग्नाची मुलगी असेल तर या वर्षीपासूनच लिहा.